रात्रपाळी सोडून काहीही

६ नोव्हेंबर, गुरुवार

सांगून टाकलं! एकदाचं सांगून टाकलं. आणि घरी आल्यापासून स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटतेय.

शिरोलीच्या फाउंड्रीत मुलाखत होती. सँड लॅबची जागा. साच्याची वाळू तपासायची — ओलावा, ताकद, ते सगळं. माझंच काम, शिकलोय तेच. समोर दोघं बसलेले. मालक अमरसिंह — मनगटात जाड कडं, टेबलावर दोन मोबाइल — आणि शेजारी एचआरच्या तहरीम मॅडम. वाळूचे प्रश्न बरे गेले. लॅबमध्ये नेऊन काम करवून बघितलं, तेही बरं गेलं. मग मालकानं बायोडाटा उलटा केला, सुलटा केला.

"मधी दोन वर्षं कुठं हुतासा, पावणं?"

आजवर प्रत्येक ठिकाणी खोटं सांगितलं. "आईचं ऑपरेशन होतं." "शेती बघत होतो." शेती! मंगळवार पेठेत! दारातली तुळस सोडली तर आमच्याकडं एक काडी उगवत नाही. खोटं बोलून दोन ठिकाणी लागलोही होतो. मग रात्रपाळी लागली, झोप उडायला लागली, आणि परत तसलं काही व्हायच्या आत आपणच सोडून पळून आलो. फाउंड्रीत भट्टी रात्रीच जास्त चालते, वीज स्वस्त पडते म्हणून. तेव्हा म्हटलं, या खेपेला खरं.

"बायपोलर आहे. मनाचा आजार. औषध रोज घेतो, बरा आहे. रात्रपाळी सोडून काहीही काम द्या."

"म्हणजे... डोक्याचं?"

खुर्ची मागं सरकली त्याची. जरासंच, पण मला दिसलं. मग नजर माझ्या हातावर. गोळीनं हात थोडा थरथरतो. लॅबमध्ये तोच हात चालला की त्याला! तेव्हा नाही दिसला.

"हितं वितळलेलं लोखंड असतंय. उद्या काय झालं म्हणजे?"

"सर, लॅबमध्ये वाळू असते, लोखंड नाही," मॅडम म्हणाल्या. आणि मग माझ्याकडं न बघता, फायलीकडं बघत, पाठ केलेला धडा म्हणावा तसं — आजार आहे म्हणून नाकारता येत नाही, काम जमतं का एवढंच बघायचं. आजाराचं नाव यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पाळी बदलून देणं म्हणजे उपकार नाही, कायदा त्याला वाजवी सोय म्हणतो. समान संधीचा कागद आपल्या बोर्डावर लावलाय, त्यावर सही तुमचीच आहे.

"त्यो कागद बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकासाठी लावलाय, मॅडम. त्यांची माणसं बघायला येत्यात म्हणून!"

दोघं माझ्यावरून भांडायला लागले. मी मधी बसून पाणी पितोय. बाजारात उभं केलेलं जनावर! मालकाचा राग आला तो आलाच, बाईचाही आला. कायदा सगळा पाठ, पण माझं नाव एकदा घेतलं नाही तिनं.

"कळवतो," म्हणाले. हे मी आधीही ऐकलंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन नाही. आईनं एकदाच विचारलं, "काय म्हणाले?" अंगावर गेलो तिच्या. आजाराचं सांगितलंय हे तिला बोललोच नाही. ऐकलं असतं तर तिनं स्वतःचं थोबाड बडवून घेतलं असतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज गल्लीत तमाशा झाला. नुसता तमाशा!

सकाळी दाढी करत होतो. बनामावशी धापा टाकत घरात. समोरच राहते, गल्लीत कुणाकडं काय शिजलं ते हिला आधी कळतं. "बायडाक्का! अगं पोरीकडचं आलंय! तुझ्या धैर्याची चौकशी चाललीया डेअरीवर!"

आई उभ्याची खाली बसली आणि परत उठली. तुळशीचं लग्न होऊन आठवडा नाही झाला, आणि स्थळ! तेही आपणहून! गल्लीत तिशी ओलांडलेली पोरं पोत्यानं पडल्यात, चांगल्या नोकरीवाल्यांना कुणी पोरगी देत नाही. मला कोण देतंय?

आईनं आधी काय केलं? पोहे नाही भिजवले. फळीवरची माझ्या गोळ्यांची पाकिटं उचलली आणि पिठाच्या डब्यात खुपसली. माझ्या डोळ्यांदेखत. तोंडाला फेस घेऊन मी बघतच राहिलो.

बाहेर जाऊन बघितलं. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, डेअरीच्या कट्ट्यावर बसलाय. आमच्यात पोरगी द्यायची म्हटलं की पोराची चौकशी अशीच होते. आधी डेअरी, मग पानपट्टी, मग तालीम, शेवटी घर. आलेला माणूस कुणाकडनं आलाय ते सांगत नाही आणि त्याला कुणी विचारत नाही. विचारायची पद्धतच नाही. फक्त "पोरगं कसं हाय?" एवढं कानावर पडलं की सगळी गल्ली समजून जाते.

आणि काय गोड बोलली गल्ली! डेअरीवाला म्हणतो, "लई शांत पोरगं." हाच! तीन वर्षांमागं मला झोप म्हणून लागत नव्हती, अख्ख्या पेठेला उधारीवर जिलेबी वाटत सुटलो होतो, चौकात उभा राहून महापालिका विकत घेतो म्हणून ओरडत होतो — तेव्हा हाच शटर ओढून आत बसला होता. चौघांनी धरून मला रिक्षात घातलं तेव्हा सगळी गल्ली टेरेसवर. एक माणूस खाली आला नाही. आज सगळे खाली!

तालमीतली पोरं पण पुढं. "आमचा वाघ हाय त्यो!" वाघ! आधी हीच पोरं मला दिवसातनं दहा वेळा खुळ्या म्हणायची. कोल्हापुरात कोण कुणाला म्हणत नाही? दवाखान्यातनं आल्यापासून एकाच्याही तोंडातनं तो शब्द निघालेला नाही. समोर आलो की बोलणं बदलतात.

मग पाहुणा घरात. पोहे, वरनं खोबरं, चहा. त्यानं विचारलं ते प्रश्न मला तेव्हाच खटकायला हवे होते.

"रात्री झोप लागती न्हवं नीट?"

"पडला की झोपला," आई म्हणाली.

"राग-बिग?"

"गाय हाय ओ, गाय."

"दवाखाना वगैरे कधी?"

बनामावशी दारातनंच ओरडली, "डोकं दुखलं म्हणून कधी गोळी घेतली न्हाय पोरानं!"

मी तोंड उघडलं. आईनं पायावर पाय दिला, असा की अंगठा अजून ठणकतोय. पाहुण्यानं दोन बशा पोहे हाणले. आईनं भीत भीत विचारलं, "पोरगी काय शिकलीया?" तो दचकला जरा. "ते मोठी माणसं बोलतील," म्हणाला आणि चपला घालून निघाला.

दुपारी गोळी पिठातनं शोधून काढली आणि घेतली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आईनं इचलकरंजीच्या मामाला फोन लावला. फोटो काढून घे म्हणते. शर्ट नवा घे म्हणते.

म्हटलं, "त्यांना आजाराचं सांगायचं. आधी. बोलणी सुरू व्हायच्या आधी."

"लग्नानंतर सांगू की हळूच."

"हळूच! रोज दोन वेळा गोळी घेतो मी. ती काय डोळे मिटून राहणार? आणि एक दिवस पिठात हात घालंल तेव्हा?"

"तुला लगीन करायचं न्हाय असं सांग की सरळ."

"मला लबाडीनं करायचं नाही!"

"खरं बोलून कुणाचं भलं झालंय?" असं म्हणून रडायला लागली. मी दार आपटून बाहेर. पंचगंगेपर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो. डोकं निवलं नाही. तिच्यावर चिडलोय, गल्लीवर चिडलोय, त्या टोपीवाल्यावर चिडलोय. कसलं स्थळ आणि कसलं काय! पण आरशात बघून केस मागं घेतले मी, ते पण लिहितो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तहरीम मॅडमचा फोन. शुक्रवारी या, सरांना परत बोलायचंय. आवाजावरनं काही कळत नाही या बाईचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी आलो ते चपला न काढता लिहायला बसलो.

फाउंड्रीच्या गेटातनं आत गेलो. मालकाची गाडी आली. ड्रायव्हर उतरला, मागचं दार उघडलं. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. मला बघितलं आणि मान फिरवली भाड्यानं.

तोच! आमचे पोहे खाल्लेला! ज्ञानू नाव त्याचं, वॉचमननं सांगितलं. मालकाचा ड्रायव्हर. या कंपनीत कुणालाही घ्यायच्या आधी मालक त्याला गल्लीत पाठवतो, कंपनीचं नाव काढायचं नाही असं बजावून. सोयरीक जुळवायची तशी चौकशी, नोकरीला!

केबिनमध्ये गेलो तर मालक खुशीत. "चौकशी केली आम्ही. गल्ली काय म्हणती म्हायताय का? पोरगं सोनं हाय! दवाखाना न्हाय, गोळी न्हाय, रात्री पडला की झोपतोय." मग एकदम आवाज बदलला. "मग डोक्याचं कशाला सांगितलंस रे?"

पावणं गेलं. अरे-तुरे आलं.

"आजार आहे म्हणून सांगितलं."

"रात्रपाळी चुकवाय सांगितलंस! बाहेरच्या बोर्डावरचा कागद वाचलास, म्हटलास, मालकाला कायदा दाखवू. व्हय का न्हाय? बरं, जाऊ दे. मी पोटात घालतो. कसलाही आजार न्हाय असं लिहून दे, तिन्ही पाळ्या कर, सोमवारपासनं ये."

आजार आहे म्हटलं तर खुर्ची मागं सरकते. बरा आहे म्हणून गल्लीनं सांगितलं तर मी चोर!

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "सर, ज्ञानू पत्ता बघायला जातो असं मला सांगितलं होतं तुम्ही. या माणसानं मुलाखतीत विश्वासानं सांगितलेली गोष्ट, आणि तुम्ही झोपेची, दवाखान्याची चौकशी डेअरीवर करवता? तुमच्या घरच्यांच्या तब्येतीचं कुणी असं चौकात विचारलं तर चालेल?"

"अहो, माणूस चांगला निघाला म्हणतोय मी! तुम्ही भांडताय कुणासाठी?"

माझा ताबा गेला. ओरडलोच. "गल्ली खोटं बोलली! त्यांना वाटलं तुम्ही पोरगी देताय!"

आधी कुणालाच कळेना. मग मालकाला कळलं. हसायला लागला. दारात ज्ञानू, तो खाली मान घालून हसतोय, आणि पोह्यांचं पण सांगून टाकतो. बाहेर टेबलावरची पोरं हसतायत. "ज्ञानूनं पोहे खाल्ले व्हय? दोन बशा?" टाळ्या देतायत एकमेकांना! मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. "डॉक्टरांचं पत्र आणा. फक्त एवढंच — कामाला योग्य, रात्रपाळी नको. आजाराचं नाव लिहायचं नाही. ते विचारायचा अधिकार कुणाला नाही." मी तसाच निघालो. बस येईपर्यंत थांबवेना, सांगली फाट्यापर्यंत चालतच गेलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईला सांगितलं. पोरीकडचं नव्हतं. कंपनीकडचं होतं. मी मुलाखतीत सगळं सांगितलं होतं, आणि तू सगळं पुसलंस.

ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, "मामाला काय सांगू आता?"

मामा! माझी नोकरी चाललीय आणि हिला मामा!

१७ नोव्हेंबर, सोमवार

पत्र नेऊन दिलं. गेटबाहेर चहाच्या टपरीवर थांबलो. अर्ध्या तासानं मॅडम स्वतः बाहेर आल्या.

"सर म्हणतात, डॉक्टर पैसे घेऊन काहीही लिहितो, गल्ली फुकट खोटं बोलत नाही."

"म्हणजे नाही."

"आजारामुळं नाकारलं असतं तर मी तसंच कागदावर लिहिलं असतं आणि कंपनी अडकली असती. हे त्यांना वकिलानं सांगितलंय. आता ते म्हणतात, आजाराचा प्रश्नच नाही, उमेदवारानं खोटी माहिती दिली म्हणून नाकारतोय. हे कारण कागदावर सरळ दिसतं. डॉक्टरांचं पत्र मी जोडलंय, माझं मत विरोधात लिहिलंय. तुम्ही वर तक्रार केलीत तर मी जे झालं ते सांगेन. पण त्याला महिने लागतील."

"तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा," मी म्हणालो. "मला कुणाची दया नको."

चिडल्या. पहिल्यांदाच चिडलेल्या बघितल्या. "दया कोण करतंय तुमच्यावर? लॅबला माणूस पाहिजे, तुमचं काम चांगलं आहे, आणि योग्य माणूस घेणं ही माझी नोकरी आहे. तुम्ही आवडता म्हणून भांडत नाही मी. आवडायला तुम्ही काही केलेलं पण नाही!"

टपरीवाला आमच्याकडं बघत बसलेला. त्या गेल्या. मी चहा तसाच ठेवला.

खोटारडा! आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि शिक्का काय बसला बघा. हा शिरोलीभर फिरणार. फाउंड्रीवाले सगळे एकमेकांचे पै-पाहुणे. उद्या दुसरीकडं गेलो तर हाच अमरसिंह फोनवर सांगणार, पोरगं नाटकी हाय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज आईशी जे झालं ते लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

म्हटलं, "तू चल. त्या माणसाला सांग की मी आजारी होतो. घरच्या माणसानं सांगितलं तर त्याला मानावं लागंल."

"मी न्हाय सांगणार."

"का?"

"एकदा माझ्या तोंडातनं बाहेर पडलं की झालं. सगळ्या कोल्हापुरात झालं. आज लोकं झाकत्यात, का तर मी झाकते म्हणून. आईच बोलली म्हटल्यावर कोण झाकंल? तुझ्या दारात परत कोण येतंय का मग?"

"कुणी आलंच नव्हतं, आई! ड्रायव्हर होता तो!"

"पुढं यील की."

"तुझ्या त्या पुढच्या पोरीसाठी माझी नोकरी गेली! तुला पोरगा बरा नकोय, तुला नुसता गल्लीत बरा दिसायला पाहिजे!"

बोललो. तिचं तोंड पडलं. ती न जेवता तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. मीही माफी मागितली नाही. का मागू? खरंच आहे ते. खरं आहे का? माहीत नाही. राग इतका आलाय की तो कुणाचा ते पण कळेना झालंय.

बनामावशी विचारायला आली, "काय गं, काय कळवलं का पोरीकडच्यांनी?" तिच्या तोंडावर दार लावलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तिन्ही पाळ्या. कसलाही आजार नाही असं लिहून द्यावं का? महिनाभर तरी पगार. मग काय व्हायचं ते होईल.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आई आज शिरोलीला गेली होती. एकटी. मॅडमचा फोन आला तेव्हा मला कळलं.

गेटवर ज्ञानूचा हात धरला म्हणे, "मी तुझ्याशी खोटं बोलले, चल आत." केबिनमध्ये उभी राहिली आणि सगळं सांगितलं. रिक्षा, मिरजेचा दवाखाना, गोळ्या, मी कुणाकुणावर हात उगारला होता ते. दार उघडंच होतं. सगळं ऑफिस ऐकत होतं. खोटी माहिती दिली म्हणायला मालकाकडं कारण उरलं नाही. दिवसपाळी, सोमवारपासून.

ती घरात आली तेव्हा ओरडणारच होतो. मी सांगितलं, डॉक्टरनं लिहून दिलं, ते कुणाला पटलं नाही, आणि माझ्या आईला असं चारचौघांत उभं राहून बोलावं लागलं! पण तिनं हात धुतले आणि भाकरी थापायला घेतली. वाटेत बनामावशीलाही सांगून आली होती.

ताट समोर सरकवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"आता कुठली पोरगी यायची न्हाय तुला. जेव."